कशावरून?

वाचताना हाती पेन्सिल धरायची सवय मला कधी लागली हे आठवत नाही. पण त्या पेन्सिलीने समासात सर्वांत जास्त वेळा लिहिला गेलेला शब्द कोणता, हे मात्र नक्की सांगता येते. तो शब्द म्हणजे 'कशावरून?'. माझ्या कपाटातल्या एका खणात इतिहास, राजकारण, हेरगिरी आणि पत्रकारिता या विषयांवरची पुस्तके आहेत, आणि त्यांच्याच शेजारी, न बोलावता येऊन बसलेल्या पाहुण्यासारखी, आदिमानवाच्या गुहाचित्रांवरची पाचसहा जाडजूड पुस्तके आहेत. घरी येणारे लोक विचारतात की यांचा एकमेकांशी काय संबंध. पूर्वी मी हसून विषय बदलत असे. आता मला वाटते की संबंध समासातल्या त्या शब्दाचा आहे. कादंबरीच्या समासात मी तो कधी लिहिलेला नाही. या खणातल्या पुस्तकांत मात्र तो पानापानावर आहे.

या पुस्तकांकडे मी घटनांसाठी वळले, असा माझा बरीच वर्षे समज होता. हळूहळू लक्षात आले की घटनेपेक्षा, ती तशीच घडली हे लेखकाला कुठून कळले, यात मला अधिक रस आहे. आणि त्याहूनही अधिक रस, ज्याला कळायला हवे होते अशा जाणत्या माणसाला ते का कळले नाही, यात आहे. म्हणून या खणातल्या दोन माणसांकडे मी पुन:पुन्हा जाते. एकाने अस्सल गोष्ट बनावट ठरवली, दुसऱ्याने बनावट गोष्ट अस्सल ठरवली, आणि दोघेही आपापल्या विद्येत अव्वल होते.

पहिल्याची गोष्ट स्पेनच्या उत्तरेकडच्या आल्तामिरा गुहेत सुरू होते. मार्सेलिनो सान्झ दे सौतुओला हा तिथला एक सधन जमीनदार आणि हौशी संशोधक होता. 1878 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने अश्मयुगातली हत्यारे आणि हाडांवरची कोरीव चित्रे पाहिली होती, आणि पुढच्याच वर्षी तो आपल्या ओळखीच्या गुहेत जमीन उकरत बसला होता. त्याची नजर अर्थातच खाली होती. बरोबर आठ वर्षांची मुलगी मारिया होती. त्या दालनाचे छत इतके बुटके होते की मोठ्या माणसाला वाकूनच वावरावे लागे आणि वाकलेल्या माणसाला छत दिसत नाही. मुलीला मात्र मान वर करून सहज पाहता येत होते. तिने वर पाहिले आणि वडिलांना हाक मारली. छतावर बायसनांचा कळप होता. गेरूच्या तांबड्या रंगात आणि कोळशाच्या काळ्या रेघांत रंगवलेला, आणि खडकाला जिथे नैसर्गिक फुगवटे आले होते तिथेच नेमकी जनावरांची अंगे बसवलेला.

सौतुओलाने 1880 मध्ये एक छोटी पुस्तिका काढली आणि ही चित्रे अश्मयुगातल्या माणसाची असावीत असे बऱ्याच सावधपणे म्हटले. त्याच वर्षी लिस्बनला भरलेल्या परिषदेत विद्वानांनी ते उडवून लावले. त्यांत पुढे होता फ्रेंच अभ्यासक एमिल कार्तायाक. हा कोणी अडाणी किंवा दुष्ट माणूस नव्हता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. त्याचे आक्षेप वाचताना मी प्रामाणिकपणे माझी पेन्सिल त्याच्या बाजूने उचलली होती. रंग इतके ताजे कसे? काळोख्या गुहेत चित्रे काढायची तर दिवे हवेत, मग छतावर काजळी का नाही? दगडी हत्याराच्या माणसाने इतके सफाईदार काम केले याला दुसरा दाखला कुठे आहे? हे सगळे 'कशावरून?'च आहेत, आणि चांगले आहेत. शिवाय उत्क्रांतीच्या विचारावर तुटून पडणाऱ्या पाद्री मंडळींनी नव्या शास्त्राला तोंडघशी पाडण्यासाठी हा सापळा लावला असावा, असा इशारा त्याला एका सहकाऱ्याने पत्रातून दिला होता. आपण फसवले जाऊ ही भीती बाळगणारा माणूस किती कडक परीक्षक होतो हे खरे, पण त्या कडकपणात तो एक अगदी साधी गोष्ट करायची विसरला. निकाल देण्याआधी तो स्वतः गुहेत गेलाच नाही. त्याच्या वतीने दुसरा एक जण जाऊन आला आणि चित्रे अलीकडची असल्याचा अहवाल देऊन मोकळा झाला. सौतुओलाच्या घरी उतरलेल्या एका चित्रकाराकडे बोटे दाखवली गेली. 1888 मध्ये सौतुओला वारला, तो लबाड हा शिक्का घेऊनच.

मग 1895 मध्ये फ्रान्समध्ये ला मूत इथे एक बुजलेला बोगदा मोकळा केला गेला आणि आत भिंतींवर चित्रे निघाली. तोंड मातीने बुजलेल्या बोगद्यात काल-परवा कोणी रंग घेऊन शिरला असेल असे म्हणता येईना. 1901 मध्ये कोंबारेल आणि फाँ-द-गोम या आणखी दोन गुहांत चित्रे सापडली. 1902 मध्ये कार्तायाकने एक लेख छापला आणि त्याच्या शीर्षकातच आपली चूक कबूल केली. वीस वर्षांपूर्वी झालेल्या एका अन्यायात आपण भागीदार होतो, असे त्याने स्वच्छ शब्दांत लिहिले, आणि त्याच वर्षी तरुण अभ्यासक आंरी ब्रॉयला बरोबर घेऊन तो अखेर आल्तामिराला गेला. चुकीची कबुली पुष्कळांनी दिली आहे, पण शीर्षकात देणारे विद्वान मला फारसे भेटलेले नाहीत.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. मारियाने मान वर केली त्याच्या दहाबारा वर्षे आधी, 1867-68 मध्ये, भारतात मिर्झापूरच्या डोंगरांत आर्चिबाल्ड कार्लाइल नावाच्या अधिकाऱ्याने शैलचित्रे पाहिली होती आणि ती प्राचीन आहेत हेही ओळखले होते. त्याने वाद घातला नाही, परिषद गाजवली नाही. टिपणे तशीच राहिली आणि 1906 मध्ये दुसऱ्या कोणी ती प्रसिद्ध केली. सौतुओलाला नाकारले तरी गेले. याला नाकारायलाही कोणी आले नाही.

दुसरा माणूस इंग्लंडचा इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर. महायुद्धात तो ब्रिटिश हेरखात्यात होता. हिटलर जिवंत आहे की मेला याविषयी 1945 च्या उत्तरार्धात सोव्हिएत बाजूने संशय पसरवला जात होता, तेव्हा त्याचा छडा लावायचे काम याच्याकडे आले. हिटलरच्या बर्लिनमधल्या बंकरमधून वाचलेल्या माणसांना त्याने शोधून काढले, एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीवर घासून पाहिली, आणि त्या चौकशीतून 1947 मध्ये हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचे त्याचे पुस्तक निघाले. साक्षीदार घाबरलेले, स्वतःला वाचवू पाहणारे, एकमेकांना छेद देणारे. आणि त्यांतूनही सुसंगत हकीगत उभी करणारा हा माणूस. माझ्या प्रतीत त्या पुस्तकाच्या समासात प्रश्न जवळजवळ नाहीत, कारण ते त्याने स्वतःच आधी विचारून ठेवलेले आहेत.

याच माणसाला 1983 च्या एप्रिलमध्ये झुरिकच्या एका बँकेत नेण्यात आले आणि हिटलरच्या साठेक रोजनिशा त्याच्यासमोर मांडण्यात आल्या. 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने त्या नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजून मिळवल्या होत्या. ट्रेव्हर-रोपरने वह्या चाळल्या. वह्यांखेरीज पत्रे होती, चित्रे होती, कागदांची चळतच्या चळत होती. पुढे त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की एकट्या वहीवर विश्वास बसला नसता, पण इतका मोठा संच कोण कशाला बनवील? कागद तपासला आहे आणि वह्या कुठून आल्या हे ठाऊक आहे, असेही त्याला सांगण्यात आले होते. दोन्ही खोटे होते, पण त्याने ते धरून चालले आणि 23 एप्रिलला 'टाइम्स'मध्ये आपला अभिप्राय छापला. दोनच दिवसांनी हॅम्बुर्गच्या पत्रकार परिषदेत त्याने जाहीरपणे शंका बोलून दाखवली, तोवर गाडी निघून गेली होती. 6 मे रोजी जर्मन सरकारी पुराभिलेखागाराने निकाल दिला की कागदात युद्धानंतरच वापरात आलेले पांढरेपणा देणारे रसायन आहे. वह्या बनावट आहेत.

त्या वह्यांचा कर्ता कोनराड कुयाउ याची कारागिरी वाचताना हसू आवरत नाही. कागद जुना दिसावा म्हणून तो त्यावर चहा ओतत असे. वहीच्या वेष्टनावर हिटलरच्या आद्याक्षरांतला 'ए' बसवायचा, तर त्या वळणदार जर्मन लिपीत अक्षरे ओळखण्यात घोटाळा होऊन त्याने चक्क 'एफ' बसवला. आणि त्या वेष्टनाकडे पाहणाऱ्या एवढ्या विद्वान डोळ्यांपैकी कोणालाही ते खटकले नाही. मजकूर त्याने हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संकलनातून उतरवला होता, त्यातल्या चुकांसकट. हस्ताक्षर मात्र तज्ज्ञांनी जुळवून पाहिले आणि ते जुळले, कारण ज्या नमुन्यांशी जुळवले त्यांतले काही नमुनेही कुयाउनेच लिहिलेले होते. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. सोने कसाला लावले खरे, पण कसोटीचा दगडही त्याच सोनाराच्या दुकानातला होता.

कार्तायाक आणि ट्रेव्हर-रोपर शेजारी ठेवले की माझ्या त्या आवडत्या प्रश्नाची जरा अडचण होते. एकाने 'कशावरून?' इतक्या वेळा विचारले की समोरचे खरे दिसेना. दुसऱ्याने आयुष्यभर विचारले आणि नेमके एकदा विचारले नाही. दोघांनाही वस्तूपेक्षा वस्तूच्या भोवतालाने फसवले असे मला वाटते. आल्तामिराच्या चित्राला आजूबाजूला दुसरा दाखला नव्हता म्हणून ते खोटे ठरले; रोजनिशीला आजूबाजूला कागदांचा ढीग होता म्हणून ती खरी ठरली. एकट्या पडलेल्या गोष्टीवर आपण विश्वास ठेवत नाही आणि गर्दीतल्या गोष्टीवर चटकन ठेवतो.

याच ट्रेव्हर-रोपरचा हेरखात्यातला सहकारी किम फिल्बी. ब्रिटिश हेरखात्यात बसून मॉस्कोसाठी काम करणारा हा माणूस 1963 च्या जानेवारीत बैरुतहून पसार झाला. तिथे तो वार्ताहर म्हणून राहत होता. पाच वर्षांनी त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ते सुरेख लिहिलेले आहे आणि मला त्याविषयी फार बोलायचे नाही. ज्याचा धंदाच खोटे बोलण्याचा, त्याच्या आठवणी वाचताना समासात लिहायला पेन्सिल पुरत नाही.

राजकारण्यांची आत्मचरित्रे मात्र वेगळ्या तऱ्हेने वाचावी लागतात, कारण तिथे खोटे क्वचित असते आणि गाळलेले पुष्कळ. 1956 च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळ सेव्ह्र इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांच्या प्रतिनिधींनी एका गुप्त करारावर सह्या केल्या. इस्राएलने इजिप्तवर हल्ला करायचा आणि मग बाकीच्या दोघांनी शांतता राखण्याच्या नावाखाली सुएझ कालव्यावर उतरायचे, असा तो बेत होता. आपल्या प्रतिनिधीने कागदावर सही करून दिली हे कळताच पंतप्रधान अँथनी ईडन हादरले. ब्रिटनची प्रत नष्ट करण्यात आली, आणि उरलेल्या प्रती परत मागण्यासाठी अधिकाऱ्यांना पुन्हा पॅरिसला धाडण्यात आले. त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले. त्या डिसेंबरात ईडन यांनी संसदेत सांगितले की इस्राएल हल्ला करणार याची आपल्याला आधी कल्पना नव्हती. 1960 मध्ये आलेल्या त्यांच्या आठवणींत सेव्ह्रचे नाव नाही. इस्राएलकडची प्रत मात्र टिकून राहिली आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. ते आत्मचरित्र आता मी नकाशासारखे वाचते. कुठल्या प्रदेशावर काहीच छापलेले नाही, तिकडे आधी नजर जाते.

पत्रकारितेकडे वळते ती गॅरेथ जोन्ससाठी. 1933 च्या मार्चमध्ये सत्तावीस वर्षांचा हा वेल्श तरुण युक्रेनमध्ये ठरलेल्या स्टेशनाआधीच आगगाडीतून उतरला आणि रुळांच्या कडेकडेने गावांमधून चालत निघाला. गावोगाव एकच उत्तर होते, भाकरी नाही, आम्ही मरतो आहोत. ते त्याने खिशातल्या छोट्या वह्यांत टिपून ठेवले. त्याच्या लिखाणातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. गाडीत एक कम्युनिस्ट सहप्रवासी दुष्काळ वगैरे काही नाही असे छातीठोकपणे सांगत होता. जोन्सने आपल्या हातातला पावाचा तुकडा थुंकदाणीत टाकला. शेजारच्या शेतकऱ्याने तो तिथून काढून अधाशासारखा खाल्ला. मग जोन्सने संत्र्याची साल टाकली. शेतकऱ्याने तीही उचलली आणि खाल्ली. कम्युनिस्ट गप्प झाला.

जोन्सने 29 मार्चला बर्लिनमध्ये हे जाहीर केले आणि 31 तारखेला 'न्यू यॉर्क टाइम्स'चा मॉस्कोतला वार्ताहर वॉल्टर ड्युरँटी याने ते खोडून काढले: लोक भुकेले आहेत, पण उपासमारीने मरत नाहीत. ड्युरँटीच्या पदरी आदल्या वर्षीचे पुलित्झर पारितोषिक होते, जोन्सच्या खिशात वह्या होत्या. पुन्हा तेच, एकटी साक्ष आणि प्रतिष्ठितांची गर्दी. 1935 मध्ये चीनच्या उत्तरेकडच्या, जपानी वर्चस्वाखालच्या मुलखात जोन्सचा खून झाला, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. कार्तायाक गुहेत गेला नाही याचा मला अजून राग येतो, तो बहुधा जोन्स चालत गेला हे ठाऊक असल्यामुळे.

जाऊन पाहिले म्हणजे कळतेच असेही नाही, हे पुन्हा गुहाचित्रांचीच पुस्तके शिकवतात. फ्रान्समधली लास्को गुहा 1940 च्या सप्टेंबरात चार मुलांना सापडली, आणि त्यानंतर तिच्या भिंतींकडे जगातल्या उत्तमोत्तम डोळ्यांनी पाहिले आहे. ब्रॉयने अशा चित्रांत शिकारीचे मंत्रतंत्र पाहिले. ज्याची शिकार करायची त्याचे चित्र आधी काढायचे. पटण्यासारखे आहे. पण लास्कोत सापडलेली हाडे बहुतांशी रेनडियरची आहेत आणि भिंतींवर घोडे, बैल, हरणे यांच्या गर्दीत रेनडियर म्हणावे असे चित्र जेमतेम एक. म्हणजे जे रोज खाल्ले ते काढले नाही. पुढे आंद्रे लेरोआ-गूराँ याने गुहेच्या मांडणीत स्त्री-पुरुष तत्त्वांची जोडी शोधली, त्यानंतर आणखी कोणी तिथे समाधिस्थ मांत्रिकाची दृश्ये पाहिली. प्रत्येक पुस्तक वाचताना मी त्या-त्या लेखकाची होऊन जाते. चित्रे मात्र या तिघांनाही काही बोललेली नाहीत. हेर निदान खोटे तरी सांगतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धावरची 1974 पूर्वीची पुस्तके माझ्याकडे बरीच आहेत आणि ती एका चमत्कारिक अर्थाने सगळीच अपुरी आहेत. मजकूर सांकेतिक करणाऱ्या एनिग्मा यंत्रावरचे जर्मनांचे संदेश ब्रिटिश फोडून वाचत होते, ही गोष्ट तोवर कायद्याने गुप्त होती. खुद्द चर्चिल यांना सगळे ठाऊक होते, पण युद्धावरच्या त्यांच्या सहा खंडांत ते नाही. कोणता सेनापती कोणता डाव कसा ओळखून खेळला, याची त्या पुस्तकांतली विवेचने प्रामाणिक आहेत, तळटीपा चोख आहेत, फक्त मुख्य कारणच गायब आहे. 1974 मध्ये विंटरबॉथम नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने पुस्तक लिहून हे गुपित सामान्य वाचकांसमोर फोडले, आणि त्याच पुस्तकात कोव्हेंट्रीची गोष्ट आली. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमाने कोव्हेंट्री शहरावर येणार हे चर्चिल यांना फोडलेल्या संदेशांवरून दुपारीच कळले होते, पण संदेश फुटल्याचे शत्रूला कळू नये म्हणून त्यांनी शहर जळू दिले, अशी ती गोष्ट.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षे लोकांना सांगत आले. रंगवून सांगत आले, खरे तर. थोरांच्या वाट्याला येणारे कठोर निर्णय वगैरे माझे भाष्यही तिला जोडलेले असे. पुढे अभिलेख खुले झाल्यावर इतर अभ्यासकांनी जे लिहिले, ते मी उशिरा वाचले. मोठा हल्ला होणार हे ठाऊक होते, लक्ष्य कोणते ते त्या संदेशांतून कळले नव्हते. चर्चिल त्या संध्याकाळी लंडनबाहेर निघाले होते; हल्ला लंडनवरच होणार अशा समजुतीने त्यांनी मोटार मागे वळवली आणि रात्री हवाई मंत्रालयाच्या गच्चीवर जाऊन विमानांची वाट पाहत राहिले. विमाने आली ती दुसरीकडे. विंटरबॉथम यांनी आठवणीवर विसंबून लिहिले होते. तीस वर्षांची चूक दुरुस्त करणाऱ्या पुस्तकाने जाता जाता एक नवी चूक रुजवली होती.

हे वाचल्यावर मी ती जुनी प्रत काढली. कोव्हेंट्रीच्या पानावर पेन्सिलीची दुहेरी रेघ होती आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'जबरदस्त!' मग मी इतर पुस्तके काढून बसले. विमानांच्या संख्या, तारखा, सेनापतींची कंटाळवाणी विधाने यांच्या शेजारी 'कशावरून?' भरपूर होते. ज्या गोष्टी मी पुढे लोकांना सांगितल्या त्यांच्या शेजारी रेघा होत्या, उद्गारचिन्हे होती, एके ठिकाणी चांदणी होती.

कोव्हेंट्रीची गोष्ट ज्यांना सांगितल्याचे पक्के आठवत होते, अशा तिघांना मी फोन केला आणि ती चुकीची होती असे सांगितले. एकीला ती गोष्ट आठवतच नव्हती, आणि मी मुद्दाम फोन करून हे का सांगते आहे हेही तिला कळेना. दुसऱ्याने ती आपल्या मुलाला सांगितली होती आणि मुलाने शाळेतल्या भाषणात. तिसऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, गच्चीवर उभे असलेले चर्चिलही ऐकून घेतले, आणि म्हणाला, ''असेल. पण पहिली गोष्ट जास्त चांगली होती.''